नाईलच्या पुरावर शेत पिकवायची रीत

इजिप्तातलं थीब्ज, म्हणजे आजचं लक्सर. इथे वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर पाऊस पडला तर पडला. तरीही प्राचीन काळी इथला शेतकरी गव्हाला पेरणीनंतर बहुधा एकदाही पाणी देत नसे. द्यायचं ते सगळं पाणी पेरणीच्या आधीच, छातीएवढं उभं करून द्यायचं. खाली दिलेली रीत साधारण इ.स.पू. १३०० च्या सुमाराची आहे. पाण्याची खोली आणि दिवस यांचे आकडे मात्र एकोणिसाव्या शतकातले आहेत. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तात हीच पद्धत तेव्हाही चालू होती आणि त्या वेळी तिची नीट मोजमापं झाली.

जमिनीचा उतार

नदीकाठची जमीन नदीकडे उतरते, असा आपला अनुभव. नाईलच्या खोऱ्यात उलट. पुराचं पाणी काठाबाहेर पडलं की मंदावतं आणि जड रेती-गाळ तिथेच टाकतं. त्यामुळे काठ उंच झाला आणि वाळवंटाच्या कडेकडे जमीन सखल राहिली. दुसरा उतार उत्तरेकडे, नदी वाहते त्या दिशेने. तो किलोमीटरला जेमतेम ८ सेंटीमीटर.

या दोन उतारांवरच सगळं बसवायचं. काठावर नदीला समांतर एक बांध. तिथून वाळवंटाच्या कडेपर्यंत आडवे बांध. चौथी भिंत वाळवंटाचा चढ आयतीच देतो. असं तयार होतं ते तळं म्हणजे एक कुंड, आणि खोऱ्यात अशी कुंडं पायऱ्यांसारखी एकाखाली एक येतात. प्रत्येकाच्या वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या टोकाला नदीकाठ फोडून पाट काढायचा. काठ उंच असल्यामुळे पाटाचा तळ खोल लागतो. तो उथळ ठेवला तर कमी पुराच्या वर्षी पाणी तोंडाशीच अडतं.

बांध चिकण मातीचा, थर थर तुडवून घातलेला. लाटांचा मारा बसतो त्या अंगाला बोरू-लव्हाळ्याचे भारे दाबून बसवायचे. वारा बहुतेक उत्तरेचा, म्हणून कुंडाच्या दक्षिणेकडच्या बांधाकडे जास्त लक्ष. वरच्या कुंडाचा बांध फुटला तर त्याचं सगळं पाणी खालच्या कुंडात येतं, तोही फुटतो, आणि मग ओळच लागते. बांधाची राखण कधीच एकट्या-दुकट्याची नव्हती, ती याचमुळे.

पाणी चढताना

जूनमध्ये नदी सर्वांत खाली असते. आधी पाणी हिरवट दिसतं, मग तांबूस-गढूळ होतं. तो लाल रंग म्हणजे इथिओपियाच्या डोंगरातली माती, निळी नाईल आणि अटबारा या उपनद्यांनी आणलेली. जुलैत सोपदेत, म्हणजे आपला व्याध, पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतो. पूर आल्याची ही जुनी खूण.

सरकारी पंचांगावर पेरणी ठरवू नये. अखेत (पूर), पेरेत (जमीन उघडी पडण्याचा काळ) आणि शेमू (सुगी) असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू, महिना ३० दिवसांचा, वर्षाअखेर ५ जादा दिवस. एकूण ३६५, अधिक दिवस नाही. दर चार वर्षांनी एक दिवस घसरत १२० वर्षांत ते अख्खा महिना चुकतं. कागदावर ‘पूर’ लिहिलेलं आणि शेतात ओंब्या डोलताहेत, असेही काळ येऊन गेले. शेतकऱ्याने तारा आणि पाणी पाहावं.

पाण्याचा चढ मोजायचा तो ‘हात’ या मापात. राजहात ७ मुठींचा, २८ बोटांचा, सुमारे ५२.५ सेंटीमीटर. दक्षिणेला अस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या भिंतीवर अशा खुणा आहेत. रोमन काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, प्लिनी या लेखकाने पुराचं गणित नोंदलं आहे: १२ हात म्हणजे उपासमार, १३ म्हणजे ओढाताण, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्तपणा, १६ ला चैन. उपासमार आणि चैन यांत जेमतेम दोन मीटरचं अंतर! बारा हातांच्या वर्षी काठाची उंच जमीन कोरडी राहते, सोळाच्या फार वर गेलं तर बांध आणि गावं दोन्ही जातात. चांगला पूर कोणता, तर मधला.

जाता जाता आपल्याशी असलेलं एक नातं. इथिओपियाचा पाऊस आणि आपला मान्सून एकाच हंगामातले, आणि एल निनो दोघांनाही मारतो. दख्खनच्या १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात, १८७७ साली, नाईलचा पूरही फार कमी आला होता.

भरणं, थांबवणं, सोडणं

ऑगस्टच्या मध्याला पाटाच्या तोंडाचा मातीचा बंध फोडायचा. घाई केली तर कुंडात पातळ पाणी येतं. गाळ खरा येतो तो पूर जोमात असताना. पाणी सरासरी एक ते दीड मीटर चढू द्यायचं आणि तोंड बंद करायचं. मग सुमारे ४० ते ४५ दिवस काही करायचं नाही. या पद्धतीत सगळ्यांत अवघड काम हेच. गाळ संथ पाण्यातच खाली बसतो आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगा तळापर्यंत भिजायला वेळ लागतो. वर्षाला बसणारा गाळ सरासरी मिलिमीटरभरच. पिकाची खरी भिस्त जमिनीत मुरलेल्या ओलीवर असते. ‘नाईलच्या गाळाने इजिप्त पिकला’ हे वाक्य पाठ्यपुस्तकाला बरं, पण अर्धंच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नदी कुंडापेक्षा खाली गेली की, खालच्या टोकाचा बांध फोडून पाणी नदीत किंवा पुढच्या कुंडात सोडायचं. लवकर सोडलं तर खालचे थर कोरडे राहतात आणि दाणा भरायच्या वेळी पीक मान टाकतं. उशीर झाला तर पेरणी लांबते आणि वसंतातले वाळवंटी गरम वारे हिरव्या ओंबीला गाठतात, दाणा चिमतो.

दोरी आणि पेरणी

पाणी ओसरल्यावर खुणा सापडत नाहीत, काठाची जमीन तर नदीने कापलेलीही असते. १०० हातांची गाठी मारलेली दोरी ताणून मोजणी करायची. थीब्जच्या मेन्ना या अधिकाऱ्याच्या थडग्यात हे काम भिंतीवर रंगवलेलं आहे. १०० हात लांब, १०० हात रुंद म्हणजे एक सेचात, ग्रीकांचा अरूरा. आपल्या मापात सुमारे २७ गुंठे. करही याच मोजणीवरून, म्हणून दोरी सैल धरली की भांडण ठरलेलं.

पेरणी वाफशावर. पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर थांबा. वर पापुद्रा धरून भेग पडायला लागली असेल तर उशीर झाला. मऊ गाळात बी हाताने फोकायचं आणि मागून हलका लाकडी नांगर फिरवायचा. तो जमीन उलटत नाही, ओरखडतो, आणि ओल जपायची तर तेवढंच हवं. जू शिंगांना बांधलेलं, जोडी बहुधा गायींची. जिथे फारच मऊ असेल तिथे नांगराऐवजी मेंढरं सोडायची, त्यांच्या खुरांनी बी दाबलं जातं. ग्रीक-रोमन काळातल्या हिशेबांत अरूऱ्याला एक अर्ताबा, म्हणजे सुमारे ३० किलो गहू, बी म्हणून धरलेला दिसतो. उत्पन्न साधारण दहापट.

फेरोंच्या, म्हणजे प्राचीन राजांच्या, काळातला गहू म्हणजे एमर, आपला खपलीच. मळल्यावरही टरफल सुटत नाही, उखळात कांडावा लागतो, हे खपली पिकवणाऱ्याला सांगायला नको. त्याच्या जोडीला जव: भाकरीला आणि मुख्यतः बिअरला. तिसरं पीक अळशी, पण तेलापेक्षा धाग्यासाठी. ती दाट पेरायची, म्हणजे फांद्या न फुटता सरळ वाढते, आणि कापायची नाही, मुळासकट उपटायची. हिरवी उपटली तर तलम कापड, पिवळी झाल्यावर जाडं, पूर्ण पिकल्यावर दोरखंड आणि बियाणं.

काढणी मार्च ते मे. लाकडी विळ्याला गारगोटीचे दात बसवलेले. धाट अर्ध्यावर कापायचं, मग खळ्यावर गुरांची पात, मग उफणणी. धान्य मातीच्या घुमटाकार कोठारात वरच्या तोंडाने ओतायचं आणि खालच्या छोट्या दारातून काढायचं, म्हणजे जुनं आधी संपतं.

काठाची बाग

भाजी, कांदा, कलिंगड यांना एका पाण्यावर भागत नाही. त्यांची जागा उंच काठावर, आणि पाणी शादूफने. दोन खांब, आडवा दांडा, त्यावर लांब काठी. एका टोकाला कातडी बादली, दुसऱ्याला मातीचा गोळा. गोळ्याचं वजन भरलेल्या बादलीपेक्षा थोडं कमी पण रिकामीपेक्षा बरंच जास्त हवं. मग माणूस खाली ओढतो ती रिकामी बादली, आणि भरलेली वर यायला गोळा मदत करतो. एका टप्प्यात दोन-तीन मीटर उपसा होतो. पाणी त्याहून खाली गेलं तर एकावर एक टप्पे लावायचे. थीब्जजवळच्या देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातल्या इपूई या शिल्पकाराच्या थडग्यात बागेला असंच पाणी घातलेलं दिसतं. कुंडातल्या गव्हाला मात्र शादूफ लावत बसू नये; तेवढं पाणी माणसाच्या हातून होत नाही.

सुगीनंतर

शेत मोकळं सोडा. आपल्या काळ्या रानासारख्या खोल भेगा पडतात, पडू द्या. भूजल कित्येक मीटर खाली जातं, माती हवा खाते, आणि पुढचं कुंडभर पाणी भेगांतून उतरून वरचे क्षार घेऊन निचरतं. हजारो वर्षं इथली जमीन खारवली नाही त्यामागे ही उन्हाळी विश्रांती आहे. एकोणिसाव्या शतकात कापसासाठी बारमाही कालवे आले, भेगा पडणं थांबलं आणि निचऱ्याचे चर खणायची पाळी आली. सांगली-कोल्हापूरच्या उसाखालच्या चोपण रानात निचरा का तुंबला, हेही याच गणितात बसतं.

याच दिवसांत बांधांची भगदाडं बुजवायची आणि पाटातला गाळ उपसायचा. तो जवळ टाकू नये, पहिल्याच पाण्यात परत आत येतो, बांधावर चढवावा. पाणी हिरवट दिसायच्या आत हे काम संपलेलं हवं.