मागचे शॉकअप उघडले तेव्हा

माझी १९७०च्या दशकातली टू-स्ट्रोक एंड्युरो (कच्च्या रस्त्यांची मोटारसायकल) खड्ड्यांत घोड्यासारखी उधळायची. स्प्रिंगा शाबूत होत्या, पण डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी तेलाने आवरणं, उरलं नव्हतं. डाव्या शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओघळ दिसला आणि कारण कळलं.

स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच काढली. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. माझे शॉकअप नुसत्या तेलाचे, आट्यांच्या झाकणाचे, म्हणून घरी उघडता आले. नायट्रोजन भरलेले असतील तर दाब सोडल्याशिवाय हात लावूच नका.

आतलं तेल काळं, पाण्यासारखं पातळ. दांडीभोवती तेल अडवणारं रबरी सील कडक झालेलं. व्हर्नियरने दांडी आणि सीलची बैठक मोजून त्याच मापाचं नायट्राइल सील आणलं आणि सीलची पातळ कड (ओठ) तेलाच्या बाजूला ठेवून बसवलं. दांडीला नख अडकेल असा खड्डा असता, तर आधी हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) करावं लागलं असतं, नाहीतर नवं सीलही फाटतं.

तेल १० वेटचं (हा दाटपणाचा आकडा) फोर्क ऑइल, दोन्ही शॉकअपमध्ये मोजून सारखं. बुडबुडे थांबेपर्यंत दांडी सावकाश वर-खाली केली. वर थोडी हवा मुद्दाम ठेवली, कारण आत शिरणाऱ्या दांडीला जागा लागते. काठोकाठ भरलं तर शॉकअप अडकतो.

काल त्याच खड्ड्यांत मागचं चाक जमीन धरून राहिलं.