बाळंतीण झोपतच नसेल तर

धाकटीच्या बाळंतपणाचा आठवा दिवस. रात्री तीनला ती तेच लंगोट घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. हळूच म्हणाली, "ताई, बाळ बदललंय गं." घरात 'बाहेरचं' म्हणून लिंबू-मिरच्या आल्या. दोन दिवस त्यातच गेले, अजून राग येतो.

याला पोस्टपार्टम सायकोसिस म्हणतात, म्हणजे बाळंतपणानंतरचा गंभीर मानसिक आजार. हजारात एक-दोघींना होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक. नुसतं रडू येणं वेगळं. झोपच नको वाटणं, भलते संशय, आवाज ऐकू येणं, मध्येच अगदी नीट बोलणं (इथेच घरचे फसतात) असं दिसलं की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेला दवाखाना गाठा. न्यायला 108, सल्ल्याला टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416, दिवसरात्र फुकट.

तोवर तिला एकटं सोडू नका, बाळासोबत तर मुळीच नाही. वाद घालू नका; मी "बरं, बघते हं" एवढंच म्हणायचे. किती तास झोपली, काय बोलली, वहीत लिहा; डॉक्टरांनी आधी तेच विचारलं. घरात कुणाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) असेल तर लपवू नका, अंगावर पाजतेय हेही सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा.