आजोबांच्या फोटोतलं विमान

नौपाड्यातल्या घराच्या माळ्यावर आजोबांचा फोटो सापडला. मागे विमान, तारीख कुठेच नाही.

अशा वेळी आधी पंख बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या दोन ब्रिटिश लढाऊ विमानांपैकी स्पिटफायरचा पंख लंबगोल, पातळ, हरिकेनचा जाडजूड. चाकंही बघा: हरिकेनची आत मिटतात, स्पिटफायरची बाहेर, पंखाच्या टोकाकडे. आमचं हरिकेन निघालं. मग पंखावरची गोल खूण. जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून १९४३ च्या मध्यापासून ब्रह्मदेश आघाडीवर आपल्या, म्हणजे ब्रिटिश-भारतीय विमानांवरचा लाल रंग काढून मधला ठिपका फिकट निळा केला. आमच्या कृष्णधवल फोटोत तो पांढुरका दिसतो. म्हणजे फोटो त्यानंतरचा. एवढ्याशा ठिपक्याने आठवडाभराचा घोळ मिटवला!

फोटो लॅमिनेट करू नका. आम्लविरहित कागदात, सिलिका जेलसोबत ठेवा. ठाण्याचा पावसाळा बुरशीला जावयासारखा सांभाळतो.

चोरबाजारातून विमानाचं जुनं उंचीमापक आणलंत, तर काच उघडू नका. आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. आणि पितळ दिसलं की चिंच घेऊन घासायला बसू नका. मी बसलो होतो. मूळ रंग आणि अनुक्रमांक, दोन्ही गेले.