मनातलं ऐकणारी पोर आणि तिचा अबोल राखणदार: खान्देशातली गोष्ट कशी लिहायची

आधी गाव ठरवा, कारण आपल्या खान्देशात तालुका बदलला की बोली बदलते. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी. मी तर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं गाव घेईन, केळी आहे कापूस आहे आणि रात्री मळ्यात एकटं जायला माणूस जरा दबकतोच.

मग राखणदार, म्हणजे पोरीला जपणारा, अंगात अचाट ताकद असलेला माणूस. काळा कोट, चमकणारे डोळे असलं काही नको, सरळ सालदार करा त्याला. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) कामावर लागला, मागचं पुढचं कोणी फार विचारलं नाही. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला तोच जातो, म्हणजे त्याची ताकद लपवायला अंधार आणि एकांत दोन्ही आयतंच मिळालं.

आता पोर, दहा-अकरा वर्षांची, मालकाची नात. तिला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, आणि प्लीज याची गंमत करू नका, हा त्रास आहे. आठवडे बाजाराचा सीन लिहा. ती शेव-मुरमुऱ्याच्या गाड्यापाशी उभी आहे, उधारी कशी फेडू, पोरगी सासरी नांदेल का, कापसाला भाव येईल का, सगळ्या बाजाराचं एकदम डोक्यात आदळतंय, ती कान दाबून खालीच बसते. सालदार येतो, पिशवी ठेवतो, बाजूला उकिडवा बसतो. तेवढ्या बाजूनं आवाज बंद. कारण तो तोंडानं फारसा बोलत नाही तसा मनातही बोलत नाही. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे, त्याचं गप्प राहणं हेच तिचं संरक्षण, अंगातली ताकद नंतरची.

त्या ताकदीला हद्द घाला. शेंदूर फासलेला म्हसोबा गावाच्या शिवेवर राखण करतो असं मानतात ना, तसं याचंही शिवेपर्यंतच चालतं असं ठेवा. पोर तर एसटीनं तालुक्याच्या शाळेत जाते, म्हणजे बस शिव ओलांडते तिथून वाचकाला काळजी सुरू. आणि किंमत पण ठेवा: ताकद वापरली की थोडा वेळ त्याचं मन उघडं पडतं आणि त्यानं दाबून ठेवलेलं दुःख तिला ऐकू जातं.

धोका भुताचा नको, माणसांचा ठेवा. नंदुरबारच्या पट्ट्यात बायांना डाकीण ठरवून छळल्याचे प्रकार खरेच झालेत, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे तो उगाच नाही. या पोरीला कोणीतरी भगताकडे न्यायला निघणारच, तिथे सालदारानं नुसतं दारात उभं राहावं.

संवाद कमी ठेवा. पोर विचारते, सालदार दोन शब्दांत उत्तर देतो:

"आप्पा, तू काय इचार करी ऱ्हायना?"

"काहीच नही. चाल, घर चाल."

बस. लिहून झालं की अहिराणी बोलणाऱ्या कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, तो जिथे अडेल तिथे शब्द बदला.

शेवट शोधत बसू नका, तो कॅलेंडरवरच आहे. पुढच्या आखाजीला साल संपतं, मालक विचारतो राहतो का अजून एक वर्ष, आणि तो तोंड उघडायच्या आत उत्तर पोरीला ऐकू येऊ द्या.