अमेरिकेतल्या लोकल टीव्ही स्टेशनसारखं जुनं डॉक्टर हू घरी कसं लावायचं

जळगाव-भुसावळकडच्या पोरांनो, हिवाळ्यात भरीत पार्टी झाली की रात्री काय लावायचं म्हणून विचारता ना, तर जुनं डॉक्टर हू, म्हणजे बीबीसीची विज्ञानकथांची ब्रिटिश मालिका लावा, आणि 80 च्या दशकात अमेरिकेतली लोकल टीव्ही स्टेशनं लावायची तसं रात्री उशिरा लावा.

डॉक्टरचं काम वेगवेगळ्या नटांनी केलंय, सुरुवात टॉम बेकरपासून करा, लांब मफलरवाला. 1972 मध्ये त्याच्या आधीचा डॉक्टर जॉन पर्टवीचे भाग तिकडे गेले होते पण फार चालले नाहीत, 1978 ला टाइम-लाइफ या अमेरिकन कंपनीनं बेकरचे 98 भाग स्टेशनांना विकले तेव्हा कुठे लोकांना नाद लागला. पहिल्या रात्रीला हॉरर ऑफ फँग रॉक घ्या भो, दीपगृहातली गोष्ट, लाइट बंद करून बघा. शिकागोच्या चॅनल 11 वर 22 नोव्हेंबर 1987 ला हीच गोष्ट चालू असताना कुणीतरी मुखवटा घालून चॅनलच्या सिग्नलमध्ये घुसून टीव्हीवर दिसला होता, दीडेक मिनिट, आणि तो कोण ते आजपर्यंत सापडलं नाही.

आता सलग बघायचं का तुकड्यांनी? मूळ भाग 25 मिनिटांचा, बऱ्याच गोष्टी 4 भागांच्या. काही स्टेशनं रोज एकेक भाग दाखवायची, पण बरीच पब्लिक स्टेशनं, म्हणजे प्रेक्षकांच्या पैशांवर चालणारी, वीकेंडला सगळे भाग जोडून, मधली नावं काढून दीड तासाचा पिक्चर करून टाकायची. एवढं मात्र त्यांचं उचलू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी लेखकानं जीव टांगणीला लावलेला असतो, जोडलं की तो क्षण तसाच वाहून जातो. दोन भाग, मग चहा, मग दोन भाग, असंच बघा.

कॉपी घेताना बघून घ्या. सुरुवातीला आधी काय झालं ते एक अमेरिकन आवाज सांगत असेल तर तो नट हॉवर्ड डा सिल्वा, म्हणजे ती टाइम-लाइफची कापलेली कॉपी, त्याच्या बोलण्यासाठी आणि जाहिरातींसाठी दर भागातली दोन-तीन मिनिटं उडवलेली असतात. डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल त्याचा रीजन नंबर असतो, अमेरिकन डीव्हीडी रीजन 1 ची असते, आपल्याकडचा प्लेअर रीजन 5 चा, तेव्हा आधी लावून बघा.

खर्चाचं पण त्यांच्यासारखंच करा. पब्लिक स्टेशनांना जाहिराती नसायच्या, म्हणून कार्यक्रम मधेच थांबवून प्रेक्षकांकडे गणपतीच्या वर्गणीसारखे पैसे मागायचे आणि फोन उचलायला डॉक्टर हूचे फॅनच बसायचे. तुम्हीही शेवटच्या भागाआधी डबा फिरवा, शेवभाजीचे पैसे निघतात.

आणि कुणाकडे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेट असतील, कुठल्याही कार्यक्रमाच्या, तर कोरड्या जागी उभ्या ठेवा, भंगारात देऊ नका. 1971 च्या द डीमन्स या गोष्टीच्या 5 पैकी 4 भागांचे रंग बीबीसीकडे उरलेच नव्हते, नुसती ब्लॅक अँड व्हाइट फिल्म होती, अमेरिकेत घरी केलेल्या रेकॉर्डिंगमधून रंग घेऊन 1992 मध्ये ते त्या फिल्मवर चढवले.