ब्लास्टर बनवताय? आधी मूळची बंदूक बघा, या चुका टाळा

'स्टार वॉर्स'मधला ब्लास्टर, म्हणजे तिथली किरणं सोडणारी बंदूक, घरी बनवायला घेणारे बरेच जण स्क्रीनशॉट समोर ठेवून थेट कामाला लागतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. १९७७ च्या त्या पहिल्या सिनेमातली बरीचशी शस्त्रं म्हणजे खऱ्या बंदुकाच होत्या. त्या लंडनच्या बॅप्टी कंपनीकडून आणल्या होत्या आणि सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी त्यांच्यावर सटरफटर सुटे भाग चिकटवले होते. म्हणून आधी खालची बंदूक ओळखा, साज नंतर चढवा.

सगळ्यात जास्त चुका स्टॉर्मट्रूपरच्या, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या, ई-११ ब्लास्टरमध्ये होतात. ती आहे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. लोक तिला स्टेन, म्हणजे तिच्याआधीची ब्रिटिश सबमशीनगन, समजतात. स्टेनचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सरळ असतं, स्टर्लिंगचं बाकदार. ई-११ ला मात्र आखूड मॅगझिन लावतात आणि खांद्याला टेकवायचा दस्ता खाली दुमडलेला ठेवतात. नळीभोवतीच्या आवरणाला भोकांच्या रांगा असतात, त्यांवर 'टी' आकाराच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसतात.

माझा पहिला ई-११ चक्क उलटा झाला. मॅगझिन उजवीकडे! नेटवरून उतरवलेला फोटो आरशातल्यासारखा फिरवलेला होता, ते कळलं रंग वाळल्यावर. स्टर्लिंगचं मॅगझिन डावीकडेच असतं आणि कॉकिंग हँडल (बंदूक सज्ज करायला मागे ओढायचा खटका) उजवीकडे, एवढं पाहिलं तरी फोटो सरळ आहे की नाही ते समजतं. खरं तर ही बंदूक आपल्याला परकी नाही. कानपूरच्या कारखान्यात तिचीच भारतीय आवृत्ती तयार झाली, आणि पोलिसांच्या हातात आपण जी जुनी 'कार्बाइन' पाहत आलो ती हीच.

दुसरी चूक मापाची. दस्ता दुमडलेली स्टर्लिंग ४८१ मिमी, उघडलेली ६८६ मिमी. थ्रीडी प्रिंटला लावण्याआधी फाइलमधली लांबी या आकड्याशी ताडून बघा. इंचातली फाइल मिलिमीटरमध्ये उघडली, तर हातात काडेपेटीहून लहान खेळणं येतं.

सिनेमातल्या हान सोलो या नायकाचं पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-९६. १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिलने हेच मॉडेल वापरलं होतं. त्याची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोलसर. मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, पण नेहमीच्या सी-९६ मध्ये ते पक्कं असतं, गोळ्या वरून क्लिपने भरतात. तिथे निघणारं मॅगझिन दाखवू नका. काही जण लुईस या जुन्या मशीनगनवर आधारलेल्या टी-२१ या मोठ्या ब्लास्टरवर गोल ताटासारखं मॅगझिनही बसवतात. सिनेमात ते काढलेलं आहे.

पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकचा प्रिंट मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. साठेक अंशांना तो मऊ पडतो आणि नळी केळ्यासारखी वाकते. गरम पाण्यात बुडवून सरळ करता येते, पण भोकांच्या रांगा पुन्हा जुळत नाहीत. नवीनच काढा.

आणि हे अगदी मनापासून सांगते: खरी जुनी बंदूक कापून प्रॉप बनवायचा विचारही करू नका. बंदुकीची नळी आखूड करायलाही शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. प्लॅस्टिकचा ब्लास्टरसुद्धा काळा रंगवला की दहा पावलांवरून खराच वाटतो. रस्त्यावर शूटिंग असेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवा, आणि नेता-आणताना तो पिशवीत झाकलेला असू द्या.