काम चोख, तरी फोन येत नाही? सोशल मीडियावरच्या या चुका टाळा

प्लंबर, वायरमन, एसी दुरुस्त करणारे, घरी येणाऱ्या ब्युटीशियन यांनी दहा हजार फॉलोअर्स घेऊन करायचं काय? त्यातले बहुतेक दुसऱ्याच गावचे. आपल्याला हवीत आसपासची घरं, आणि शेजाऱ्याचा भरवसा बसतो तो शेजाऱ्याच्या सांगण्यावर.

सगळ्यात महागात पडते ती वाईट रिव्ह्यूवरची चिडचिड. एक स्टार दिसला की डोकं फिरतं आणि रात्री अकराला उत्तर जातं, 'तुम्हाला पैसे बुडवायचेत.' तो ग्राहक तर गेलाच, पण पुढे तुमचं नाव शोधणारा प्रत्येक जण हे वाचणार. उत्तर त्या वाचणाऱ्यासाठी लिहायचं असतं: 'मंगळवारी बसवलेला नळ पुन्हा गळतोय हे कळलं. उद्या सकाळी येऊन पाहतो, मजुरी घेणार नाही.' बस. पत्ता, बिल, कोण काय बोललं, यातलं काही तिथे नको. गळती थांबली की तेच उत्तर एडिट करून तसं लिहा.

रिव्ह्यू नाहीत म्हणून मेहुण्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांकडून एका संध्याकाळी पाच-पाच स्टार टाकून घेतले, तर वाचणारा लगेच ओळखतो. सगळीकडे 'बेस्ट सर्व्हिस', काम काय केलं याचा पत्ता नाही! सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं किंवा फक्त खूश ग्राहकांनाच निवडून विचारणं गूगलच्या नियमांत बसत नाही; असे रिव्ह्यू काढलेही जातात. त्यापेक्षा काम संपल्यावर प्रत्येकाला रिव्ह्यूची लिंक पाठवा आणि म्हणा, 'काय दुरुस्त केलं तेवढं लिहा.'

'ब्रॉडकास्ट टाकतो, पण कुणी काही विचारतच नाही.' अहो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा मेसेज तुमचा नंबर सेव्ह नसलेल्यांपर्यंत पोहोचतच नाही. निघण्याआधी ग्राहकाला नंबर सेव्ह करायला सांगा.

इंटरनेटवरून उचललेले चकचकीत फोटो लावू नका. गंजलेला जुना व्हॉल्व्ह आणि शेजारी नवा, एवढा फोटो बोलतो. ग्राहकाला विचारूनच टाका, आणि दारावरची पाटी, घरातली माणसं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. (मला विचाराल तर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा नको.)

गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या प्रोफाइलच्या नावात 'नंबर वन स्वस्त प्लंबर' असं शेपूट जोडू नका. बोर्डावर जे नाव आहे तेच तिथे चालतं, नाहीतर प्रोफाइल बंदही होऊ शकतं. वेळेचंही तसंच. 'चोवीस तास सेवा' लिहिलंत आणि रात्री दोनला फोन उचलला नाहीत, तर सकाळी वस्तीच्या ग्रुपवर त्याचीच चर्चा असते. तिथे रोज जाहिरात टाकणाऱ्याची बाजू घ्यायला कुणी येत नाही. गेल्या महिन्यात 'मीटरमधून जळका वास येतोय' या प्रश्नाला 'आधी मेन स्विच बंद करा, मग बोलू' असं फुकट उत्तर दिलेल्या वायरमनची मात्र दोघंतिघं घेतात.